पोस्टानं पाठवलेला प्रोग्राम

मी हैदराबादला नेमकं काय काम करते, हे कुरुंद्यात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बाबा सांगायचे, "मशीनवर हाय." ऐकणारा मनात शिलाई मशीन धरायचा आणि मी ब्लाउज शिवते का, असं विचारायचा. माय सांगायची, "हिसाबाच्या हापिसात." आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जी आमच्याच घरी राहायची, ती सांगायची, "गार खोलीत बसून राहते दिवसभर, सोटर घालून. त्याचाच पगार मिळते तिला." तिघांचंही खरं होतं. मशीन होतं, हिशेब होते आणि खोली तर इतकी गार होती की भर एप्रिलमध्ये मी लोकरीचा स्वेटर घालून बसायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. कुरुंद्याहून एसटीनं वसमत, वसमतहून रेल्वेनं पूर्णा, पूर्णेला गाडी बदलली की मग हैदराबाद. तिथल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी प्रोग्रामर होते. एक मशीन, पण अख्खा हॉल भरून. आजूबाजूचे कारखाने आणि कचेऱ्या आपापली कामं आमच्याकडे पाठवायच्या. आम्ही प्रोग्राम कागदावर लिहायचो, म्हणजे मशीननं एकामागून एक काय करायचं ते ओळीओळीनं मांडायचो. मग टायपिस्टसारख्या बसलेल्या मुली प्रत्येक ओळीचं एक जाड कार्ड छिद्रं पाडून तयार करायच्या. कार्डांचा गठ्ठा मशीनच्या तोंडात द्यायचा आणि पलीकडून छापील कागद बाहेर पडायचा.

यंत्रांची ओढ मला बाबांमुळे लागली. ते वसमतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तिथं छताखाली एक लांब लोखंडी दांडा फिरायचा. त्यावरून चामड्याचे पट्टे खाली उतरलेले आणि एकेका पट्ट्यावर सरकी वेगळी करणारं एकेक यंत्र. शाळेला सुट्टी असली की मी बाबांसोबत जायची आणि त्या दांड्याकडे बघत उभी राहायची. बाबा डबा खाता खाता विचारायचे, "हा पट्टा उतरला तर काय काय बंद पडंल, सांग." मी बोटानं माग काढत सांगायची. बरोबर आलं की म्हणायचे, "बराबर." चुकलं तर नुसते पुढच्या पट्ट्याकडे बोट दाखवायचे.

नांदेडला गणित घेऊन बी.एस्सी. केलं. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून परीक्षा दिली आणि मुलाखतीला बोलावणं आलं. तिथं विचारलं, कॉम्प्युटर कधी पाहिलाय का? मी म्हटलं, "नाही, पण जिनिंग पाहिलंय." समोरचे तिघं हसले. मग त्यांतल्या एकानं कागदावर एक कोडं काढून दिलं. ते मी त्यांचा चहा संपायच्या आत सोडवलं. नोकरी लागली. प्रोग्रामरांमध्ये मी एकटीच बाई होते. पहिले काही महिने मला दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासायला दिले, आणि ते मी इतके बारकाईनं तपासले की लोक माझ्याकडे आपण होऊन येऊ लागले.

माझं स्वतःचं असं पहिलं मोठं काम आलं ते महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या, निजामाबादकडच्या एका साखर कारखान्याचं. कोणत्या गावात कुणाचा ऊस कधी लावलेला आहे, किती एकर आहे, त्यावरून तोडणीचा क्रम आणि तारखा लावायच्या आणि गावागावाची बेरीज छापायची. ती बेरीज बघून कारखाना त्या गावाला तोडणीवाल्यांच्या टोळ्या आणि गाड्या पाठवणार. हंगामाच्या आत हे चालू व्हायला हवं होतं. मी जेमतेम आखणी केली होती, आणि घरून तार आली. माय शेताच्या बांधावरून घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं.

मी साहेबांकडे गेले. साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. पन्नाशीचे, अस्सल हैदराबादी, घरी उर्दू बोलणारे, ऑफिसात कमी बोलणारे.

"जा," ते म्हणाले. "आईला बघून या."

"बघून येता येणार नाही, साहेब. राहावं लागेल. आत्या आहे घरी, पण तिला एकटीला आईला उचलून बसवणं जमणार नाही. वडील कामावर असतात. प्लॅस्टर निघेपर्यंत मी तिथं लागणार."

"मग कारखान्याचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

"नको. मी घरून लिहिते आणि पोस्टानं पाठवते."

साहेबांनी चष्मा काढला. "प्रोग्राम? पोस्टानं?"

"कागदच तर आहेत. इथं तरी मी कागदावरच लिहिते ना? मुली कार्ड करतील, तुम्ही मशीनवर चढवा. चुका निघाल्या तर छापील कागद मला पाठवा, मी दुरुस्त करून परत पाठवते."

"एकेका चुकीला आठवडा जाईल. इथं बसून लोक दिवसातून दोनदा चुकतात."

"इथं मशीन शेजारी आहे म्हणून चुकतात," मी म्हटलं. "तिथं मला चुकून चालणार नाही, तर मी नाही चुकणार."

आज आठवलं की वाटतं, त्या वयात माणसाच्या जिभेवर किती जोर असतो. पण मी ते बढाई म्हणून बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. साहेब चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "ठीक आहे. पहिल्या खेपेला काय येतं ते बघतो. कचरा आला तर काम दुसऱ्याकडे जाईल. मग मला दोष द्यायचा नाही."

आखीव कागदांचा गठ्ठा, प्रोग्रामच्या भाषेचं जाडजूड पुस्तक, पेन्सिली आणि खोडरबर एवढं पिशवीत भरून मी निघाले. छिद्रं चुकल्यामुळे वाया गेलेली काही कार्डंही घेतली, ती कुणालाच नको असायची.

माय ओसरीतल्या बाजेवर होती. कमरेपासून पावलापर्यंत पाय प्लॅस्टरमध्ये. मला बघून पहिलं वाक्य, "नोकरी सोडून आलीस का काय?"

"न्हाई माय. नोकरी संगं घेऊन आलेय."

"बघू मग," ती म्हणाली आणि तिनं उशाला हात फिरवून माझ्यासाठी जागा केली.

घरचं वेळापत्रक लगेच बसलं. सकाळी आत्या चूल पेटवायची. आम्ही दोघी मिळून मायला बसतं करायचो. तिची वेणी मी घालायची, भाकरी आत्या करायची. बाबा पहिल्या एसटीनं वसमतला जायचे. तो हंगामाआधीचा काळ होता. कापूस यायला अवकाश होता, जिनिंगमध्ये नुसती यंत्रांची डागडुजी चालू होती, म्हणून ते दिवस मावळायच्या आत परत यायचे. दुपारी माय झोपली की मी ओसरीतच पाट मांडून लिहायला बसायची. समोर हळदीचं शेत. पानं कमरेइतकी वाढलेली, वारा आला की सगळं शेत एकदम वळायचं.

आखीव कागदावर प्रत्येक अक्षराला एक चौकोन होता आणि सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावं लागायचं. कार्ड करणाऱ्या मुलीचा घोटाळा होऊ नये म्हणून शून्यातून तिरपी रेघ ओढायची आणि ओ अक्षर तसंच सोडायचं. माय बाजेवरून बघत असायची. ती आणि आत्या रात्रीच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकल्या होत्या, पण इंग्रजी तिला येत नव्हतं.

"एवढी गोल गोल काढून परत काहून खोडून राहिली?"

"खोडत न्हाई. ज्याच्यातून रेघ हाय ते शून्य. बाकीचं अक्षर हाय."

"मशीनला कळत न्हाई का शून्य कोणतं ते?"

"मशीनला काहीच कळत न्हाई, माय. जेवढं सांगितलं तेवढंच करते."

माय हसली. "म्हंजे नव्या सुनेवानी."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका मायची चौकशी करायला घरी आल्या, तेव्हा मायनं त्यांना सांगितलं, "माझी पोरगी मशीनला हुकूम लिहून राहिली. टपालानं धाडणार हाय." एवढं चोख वर्णन तोपर्यंत मलाही जमलं नव्हतं.

प्रोग्राम लिहून झाला. मी तो तीनचारदा वाचला. मला सगळं बरोबर दिसत होतं, आणि तीच अडचण होती. आपण लिहिलेलं आपण वाचलं की डोळा ओळींच्या पुढे पळतो. जे लिहायचं मनात होतं तेच दिसतं. ऑफिसात मी दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासायची, आता माझा तपासणारं कुणी नव्हतं. मशीन तर पूर्णा जंक्शनच्या कितीतरी पलीकडे.

मग मी ठरवलं की मशीन इथंच उभं करायचं.

त्या संध्याकाळी बाबा घरी होते. मायची मैत्रीणही आली होती. ती ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. हळद काढणीला दोघी वर्षानुवर्षं एकाच ओळीत बसायच्या, आणि रात्रीच्या वर्गातही. मी तिला मावशी म्हणायची. माय पडल्यापासून ती एक दिवस आड येऊन जायची. मी सगळ्यांना ओसरीत बसवलं.

वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर मी मराठीत लिहून ठेवलं होतं. प्रत्येक कार्ड म्हणजे एक शेत. गाव, शेतकऱ्याचं नाव, ऊस कधी लावला, किती एकर. गावंही आपल्याच ओळखीची घेतली, म्हणजे घोळ नको. पहिलं कुरुंदा, मग वसमत, शेवटी आखाडा बाळापूर. गठ्ठा बाबांच्या हातात दिला. "बाबा, तुम्ही कार्ड वाचणारे. मी 'वाचा' म्हणलं की एकच कार्ड वाचायचं." आत्याच्या हातात एक रिकामी पाटी आणि खडू दिला. "आत्या, सध्या कोणतं गाव चालू हाय ते तुझ्या पाटीवर. मी सांगितलं की जुनं पुसायचं, नवं लिहायचं." मायच्या मांडीवर जेवणाची पितळी आणि बाजूला चिंचोक्यांची टोपली ठेवली. "माय, तू बेरीज. मी म्हणीन तेवढे चिंचोके पितळीत टाकायचे. रिकामी कर म्हणलं की रिकामी करायची." आणि मावशीला म्हटलं, "मावशी, तू छापणारी. मी सांगीन ते मोठ्यानं म्हणायचं."

"अन् तू?" मावशीनं विचारलं.

"मी प्रोग्राम. कागदावर लिहिलंय तेवढंच बोलणार. तुमीबी मी सांगितल्याबिगर काहीच करायचं न्हाई. स्वतःचं डोकं चालवायचं न्हाई."

"हे तर लई सोपं," आत्या म्हणाली.

ते मुळीच सोपं नव्हतं. बाबांनी एका कार्डाऐवजी दोन वाचली. मायनं एकर ऐकले की न सांगताच चिंचोके टाकायला सुरुवात केली. मावशी शेतकऱ्याचं नाव छापायच्या आधी त्याची चौकशी करायची. "हा कुणाचा? तो उंच, त्याचा का?" मी हसत हसत सगळं पुन्हा सुरू करायची. हळूहळू त्यांना त्या खेळाची गोडी लागली. गप्प बसून हुकमाची वाट बघायची, आणि हुकूम आला की तेवढंच करायचं.

पहिली चूक सुरुवातीलाच निघाली. बाबांनी पहिलं कार्ड वाचलं, गाव कुरुंदा. माझ्या कागदावर होतं की पाटीवरच्या गावापेक्षा नवं गाव वेगळं असेल, तर आधी जुन्या गावाची बेरीज छापा. आत्याच्या पाटीवर काहीच नव्हतं. कुरुंदा त्यापेक्षा वेगळंच. मी मावशीला सांगितलं, "पाटीवरचं गाव म्हण आणि पितळीतली बेरीज म्हण."

मावशीनं पाटी बघितली, पितळी बघितली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गाव न्हाई. ऊसबी न्हाई."

सगळे हसले. मीही हसले, पण पेन्सिल उचलली. कारखान्याच्या छापील कागदावर पहिल्याच ओळीत नाव नसलेल्या गावाचा शून्य ऊस छापून आला असता. साहेबांना तेवढंच पुरलं असतं. मी तिथंच ओळ वाढवली. पहिलंच कार्ड असेल तर बेरीज छापायची नाही.

पुन्हा पहिल्यापासून. आता कुरुंदा नीट झालं. वसमतचं पहिलं कार्ड आलं, तेव्हा कुरुंद्याची बेरीज छापली गेली, मायची पितळी रिकामी झाली, आत्यानं पाटी पुसली. वसमत झालं. आखाडा बाळापूर सुरू झालं. बाबांच्या हातातलं शेवटचं कार्ड संपलं. मी कागदावरची शेवटची ओळ वाचली, "काम थांबवा," आणि समाधानानं मान वर केली.

माय पितळीकडे बघत बसली होती. पितळी चिंचोक्यांनी अर्धी भरलेली.

"हे काय करू?" ती म्हणाली. "तू टाकायला सांगितले, काढायला न्हाई सांगितले."

मी कागद पुन्हा घेतला आणि बोटानं ओळींचा माग काढला. गावाची बेरीज कधी छापायची? पुढच्या गावाचं कार्ड आलं की. पण शेवटच्या गावाच्या पुढे गावच नाही. त्याची बेरीज कधी छापलीच जाणार नव्हती. बाकी सगळा कागद इतका व्यवस्थित आला असता की कुणाला शंकाही आली नसती, आणि यादीत शेवटी असलेल्या त्या एका गावाला ना टोळी गेली असती ना गाडी. ऊस उभाच राहिला असता.

"आखाडा बाळापूरवाले आले असते तुला शोधत," आत्या म्हणाली.

"येऊ देत न्हाई मी," मी म्हटलं आणि लिहायला बसले. कार्डं संपली की थांबायच्या आधी पितळीत जे असेल ते छाप, मग थांब. एवढंच. तिसऱ्यांदा सगळं चालवलं, तेव्हा मावशीनं आखाडा बाळापूरची बेरीज इतक्या थाटात जाहीर केली की शेजारच्यांनी येऊन विचारलं, काय झालं.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही उलटसुलट कार्डं घालून बघितली. एकच गाव, एकच कार्ड, शून्य एकर, एकाच दिवशी लावलेले दोन ऊस. जे सुचेल ते. बाबांना यातच खरी मजा येऊ लागली. वसमतहून येताना एसटीत ते मशीनला कसं फसवायचं याचा विचार करत यायचे आणि चप्पल काढायच्या आत सांगायचे, "आज एकबी कार्ड देत न्हाई. बघू तुझं काय व्हते." एकही कार्ड नसतानाही प्रोग्राम नीट थांबला, तेव्हा ते म्हणाले, "बराबर." तो शब्द मला पगारवाढीपेक्षा मोठा वाटला.

मग सगळे कागद नव्यानं सुबक लिहून काढले, कापडात शिवले, वर लाख लावली आणि वसमतच्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवले.

वाट बघण्याचे दिवस लांब असतात असं म्हणतात. माझे तसे नव्हते. माझ्या मनात त्या कागदांविषयी अजिबात धाकधूक नव्हती. मायला आता बाजेवरच काठी धरून उठून बसता येत होतं. मी पुस्तक वाचायची, पुढच्या कामात उपयोगी पडतील अशा युक्त्या टिपायची. संध्याकाळी बाजेच्या काठावर बसून मायशी गप्पा मारायची. तिला हॉलचं वर्णन फार आवडायचं. तिथं चपला बाहेर काढाव्या लागतात हे ऐकून तिनं विचारलं, "अन् आत कोण हाय, बुद्ध?"

"न्हाई. धूळ गेलेली चालत न्हाई म्हणून."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "धूळ न्हाई गेली पायजे."

उत्तर पोस्टानं येईल असं मी धरून चालले होते. पण एका दुपारी मी मायची वेणी घालत असताना अंगणात बैलगाडी थांबली आणि साहेब उतरले. पँटच्या पायांना चिखल, बगलेत गुंडाळलेले कागद. त्यांचं नांदेडला काही काम होतं, तिथून ते एसटीनं आले होते आणि फाट्यावरून गाडीत बसले होते. मी हातातली फणी तशीच धरून उभी राहिले.

"तुमचं गाव आहे की नाही, ते बघायला आलो," ते हिंदीत म्हणाले. मग बाजेकडे वळून मायला नमस्कार केला.

रविवार असल्यामुळे बाबा घरी होते. ते पुढे आले आणि त्यांनी साहेबांचं चक्क उर्दूत स्वागत केलं. निजामाच्या काळात बाबांची शाळा उर्दूत झाली होती, पण आमच्याशी ते तसं कधी बोलत नसत. "तशरीफ रखिए, आने में बहुत तकलीफ हुई होगी," असं अगदी सफाईनं म्हणाले, तेव्हा मी आणि आत्या एकमेकींकडे बघत राहिलो. साहेबांचा चेहरा उजळला. चहा होईपर्यंत दोघं जुन्या शाळांबद्दल, मास्तरांच्या छड्यांबद्दल असे बोलत होते, जणू त्यांनी एकाच वर्गात मार खाल्ला असावा.

शेवटी साहेबांनी कागद उलगडले. लांबच लांब, घडीघडीचा छापील कागद ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी खाली बसून वाचू लागले. कार्ड करताना एका मुलीकडून दोन ठिकाणी अक्षर चुकलं होतं, ते त्यांनी तिथंच दुरुस्त केलं होतं. माझ्याकडची एकही चूक नव्हती.

"पहिल्या खेपेत असं मी पाहिलेलं नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही तपासलंत कसं, ते सांगा."

मी सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. कारखान्यानं नवीन अट घातली होती. खोडव्याचा ऊस, म्हणजे तोडणीनंतर जुन्या बुंध्याला पुन्हा फुटलेला, आधी तोडायचा, मग नव्या लागणीचा. "हे बसवायला किती वेळ लागेल?"

"आज संध्याकाळी निघायच्या आत सांगते. पण आमची छापणारी आज आली नाही. तुम्हाला बसावं लागेल."

साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्याशी सावरली आणि मावशीच्या जागी मांडी घालून बसले. मी चार ओळी बदलल्या, बाबांनी कार्डांवर खोडवा आणि लागण असं लिहिलं, आत्यानं पाटी पुसली, मायनं पितळी मांडीवर घेतली. आम्ही सुरू केलं.

साहेबांसारखा छापणारा मी पुढं कधी बघितला नाही. सांगितलं नाही तोवर दगडासारखे गप्प. सांगितलं की तेवढेच शब्द, एक जास्त नाही, एक कमी नाही. चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. एका जागी खोडवा आणि लागण यांचा क्रम उलटा निघाला. त्यांना तो नक्की दिसला असणार, पण त्यांनी तो तसाच, थंडपणे म्हणून दाखवला आणि मला स्वतःला थांबावं लागलं. मी ओळ खालीवर केली, पुन्हा चालवलं, बरोबर आलं.

माय आत्याच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "हा माणूस खरा मशीन हाय."

बाबांनी ते उर्दूत सांगितलं. त्यावर साहेब जे हसले, तसे ऑफिसात हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जाताना ते मला म्हणाले, "कारखान्याचं काम तुमच्याकडेच राहील. आईचं प्लॅस्टर निघालं की या. घाई नको." बाबा त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेले आणि बऱ्याच उशिरा परतले. एसटी वेळेवर आली होती, पण बोलणं संपत नव्हतं म्हणून दोघांनी ती जाऊ दिली होती.

मायचा पाय बरा झाला. थोडी लंगडत, पण स्वतःच्या पायांनी ती अंगण ओलांडून हळदीपर्यंत गेली, त्या दिवशी मी सामान बांधलं. ती म्हणाली, "आता तुझं मशीन कोण व्हणार?" मी म्हटलं, तिथं खरं आहे. "खरं असलं म्हणून काय झालं," ती म्हणाली, "हसत तर न्हाई ना ते."

हंगाम सुरू झाला तेव्हा मी साहेबांसोबत त्या कारखान्यावर गेले. गाळपाच्या वासानं हवा जड झाली होती. शेतकी ऑफिसच्या भिंतीवर आमचा छापील कागद लावलेला होता आणि समोर गर्दी. एक कारकून इंग्रजी नावं तेलुगूत मोठ्यानं वाचून दाखवत होता. मी मागे उभी राहून आधी शेवटचं गाव बघितलं. त्याची बेरीज जागेवर होती. गर्दीतली एक बाई, डोक्यावर पदर, हातात विळा, नाव ऐकून पुढे सरकली. तिनं कारकुनाला पुन्हा वाचायला लावलं, तारीख तोंडपाठ केल्यासारखी दोनदा पुटपुटली आणि कुणालाही काही न विचारता सरळ बाहेर पडली. तिला पुढच्या आठवड्याची तयारी करायची होती, इतकं माझ्या मोडक्या तेलुगूतही मला समजलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या भिंतीसमोर जे वाटत होतं ते माझ्या चेहऱ्यावर उघड दिसत असणार.

परतीच्या गाडीत त्यांनी पिशवीतून नव्या कामाचे कागद काढून माझ्या मांडीवर ठेवले. एका वीज मंडळाचं होतं ते, उसापेक्षा कितीतरी मोठं. खिडकीतून वारा येत होता आणि पानं उडत होती. मी खिडकी ओढून घेतली आणि पहिलं पान वाचायला लागले.